बुधली न आणणारा पाहुणा

आमच्या कॅसिम्बा बेटावर खाण्यापिण्यातले खाणे भरपूर आहे. बोय मासे जाळ्यात मावत नाहीत, ओहोटी लागली की कालवे चालत जाऊन वेचावीत, आणि पेरू तर इतके पिकतात की डुकरेसुद्धा नाक मुरडतात. पिण्याचे मात्र वांधे. चारी बाजूंना समुद्र आणि घशाला कोरड. घराच्या छपरावर पडेल तेवढा पाऊस पन्हळीने टाक्यात घ्यायचा आणि त्यावर वर्ष काढायचे, हा इथला संसार.

म्हणून हिवाळा सरत आला की कॅप्टन ओबेड फेरंड धक्क्यावरच्या खांबाला एक बादली पालथी टांगतात. कॅप्टन बेटावर सगळ्यात आधी आलेले, त्यामुळे बादली टांगायचा मान त्यांचा. बादली पालथी झाली की कोणाच्याही घरी जाताना आपले पाणी आपण न्यायचे. त्यासाठी घरोघरी बुचाची मातीची बुधली असते. पाहुणा येतो, दारातल्या ताडपातीच्या झाडणीने अंगावरचे डास झटकतो, बुधली पायाशी ठेवतो आणि मग ख्यालीखुशाली विचारतो. कॉफीची पूड यजमानाची, पाणी पाहुण्याचे. यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

बुधलीशिवाय येण्याचा हक्क दोघांनाच. एक, घरचा माणूस. दुसरा, ज्याचे त्या घरात लग्न ठरले आहे तो. आमच्याकडे अंगठी आणायला जवाहिऱ्याचे दुकान नाही. मुलगी मुलाला एवढेच म्हणते, "पुढच्या वेळी बुधली आणू नकोस." झाले लग्न पक्के. पुढच्या रविवारी तो हात हलवत येतो आणि शेजारीपाजारी ते बघायला कुंपणाशी उभे राहतात.

आणखी एक नियम आहे, आणि तो पहिल्याहून कडक. कोणी बुधली विसरून आलाच, तर यजमानाने ते बोलून दाखवायचे नाही. पाण्यावरून पाहुण्याला टोकणारे घर हलके. या नियमानेच माझा घात केला, किंवा माझे भले केले. कोणते, ते तुम्ही ठरवा.

मी थिओडोशिया लार्कम. बेट मला डोशा म्हणते. माझ्या वडिलांनी कालवांचे शिंपले भाजून चुना केला आणि बेटावरचे सगळ्यात मोठे टाके बांधले. ते गेल्यावर मागे टाके राहिले आणि मी राहिले. मला मागण्या येत नव्हत्या असे नाही, पण येणाऱ्याचे डोळे आधी टाक्याच्या झाकणाकडे जात आणि मग माझ्याकडे. एकाने तर टाक्यात काठी बुडवून खोली बघितली. त्याला मी काठीसकट घालवला. तिशी उलटली, घोडनवरी झाले, पण कोणाच्या दारात घोटभर पाणी मागायची वेळ माझ्यावर आली नव्हती, याचा मला गर्व होता. मी पाहुणी गेले तरी गरजेपेक्षा मोठी बुधली नेत असे आणि उरलेले पाणी त्यांच्याकडेच ठेवून येत असे. औदार्य म्हणा, दिमाख म्हणा.

त्या वर्षी मुख्य भूमीवर असा गारठा पडला की संत्र्यांच्या बागाच्या बागा काळ्या पडल्या. बाग गेलेली माणसे दक्षिणेकडे सरकू लागली. त्यातलाच एक लायमन वेदरबी. उंच, किडकिडीत, टोपीला भोक, आणि हातात कलमे करायच्या चाकूंची पेटी. त्याने बेटाच्या उत्तर टोकाला जमीन धरली, माडाच्या झावळ्यांची झोपडी बांधली आणि पन्हळीखाली दोन पिंपे ठेवली. आल्या आल्या एकच सर पडली, तेवढीच त्याच्या पिंपांत. त्याच आठवड्यात कॅप्टननी बादली पालथी केली. लायमनने ती पाहिली आणि त्याला वाटले, कोणीतरी वाळत घातली आहे.

रविवारी दुपारी माझ्या ओसरीवर कॅप्टन होते आणि शेजारची फिलूरामावशी होती. दोघांच्या बुधल्या दोघांच्या पायाशी. लायमन फाटकातून आत आला. डास झटकले, टोपी काढली. हात रिकामे.

"नमस्कार. मी लायमन वेदरबी, उत्तर टोकाला राहतो. टोमॅटो कसे लावायचे ते विचारायचं तर मिस लार्कमना विचार, असं बोटीवरचे लोक म्हणाले."

"बसा," मी म्हटले. त्याच्या मागे कोणी बुधली घेऊन येते आहे का, ते मी डोकावून पाहिले.

"ऊन फार आहे. आधी जरा पाणी मिळेल?"

मावशीच्या हातातली विणकामाची सुई थांबली. मी पेला भरून दिला. तो एका दमात प्यायला आणि पेला पुढे करून म्हणाला, "अजून एक मिळेल?"

कॅप्टननी डोक्यावरची टोपी काढली. ते टोपी दोनच प्रसंगी काढतात, मयताला आणि लग्नाला.

दुसरा पेला संपल्यावर त्या बाबाने माझ्या मोरीतल्या तांब्यातून चांगले ओंजळभर पाणी घेऊन हात धुतले! वर रुमालाने पुसत म्हणाला, "झकास पाणी आहे." टाक्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. तो ज्या मुलखातून आला तिथे दारादारात झरे वाहतात. पाणी म्हणजे त्याच्या लेखी वारा.

तो गेला आणि फाटक लागायच्या आत मावशीने माझा दंड धरला.

"कधी ठरलं गं? आणि मला पत्ता नाही?"

"काही ठरलेलं नाही, मावशी. त्याला आपली रीतच माहीत नाही."

"दोन पेले प्यायला, डोशे! वर हात धुतले! आमच्या हिरमनं आमच्या घरी हात धुवायचं धाडस लग्नानंतर केलं."

"अहो, नवीन माणूस आहे तो. कॅप्टन, तुम्ही तरी सांगा हिला."

"मी काय सांगू, पोरी?" कॅप्टन टोपी पोटाशी धरून म्हणाले. "तू त्याला तिसरा पेला विचारलास. मी ऐकलं."

विचारला होता खरा. तोंडातून निघून गेले.

पुढच्या रविवारी त्याला एकदाचे सांगून टाकायचे, असे मी ठरवले. पण नियम आडवा आला. यजमानाने कसे बोलावे? आणि खरे सांगायचे तर नियम आडवा आला नसता तर मी त्याला ओढून आडवा घातला असता. लायमन आला, टोमॅटोच्या वाफ्यात गुडघे टेकून बसला आणि मी सांगेन तसे एकेक रोप लावत गेला. मला काम सांगायची सवय आहे, पण माझे ऐकून घेणारा माणूस पहिल्यांदा भेटत होता. वडिलांनी शिंपले कुठून आणले, भट्टी कशी लावली, हे त्याने विचारले. टाक्यात पाणी किती आहे हे विचारले नाही. जाताना म्हणाला, "तुमचे वडील मला आवडले असते." त्या दिवशी मी रात्रीच्या भाकरीत दोनदा मीठ घातले.

मग दर रविवारी तो येऊ लागला. हात हलवत. कधी खिशात कलमाची काडी, कधी वाळूत सापडलेला शंख, पण बुधली नाही. माझ्या परसातल्या आंबट संत्र्यावर त्याने गोड लिंबाचे कलम बांधले आणि धरले की नाही हे पाहायला आठवड्यातून मधेही एकदा येऊ लागला. कलमाला एवढे पाहावे लागत नाही, हे मलाही कळते. मला तो आवडला होता. आडपडदा कशाला, फार आवडला होता. तो आला की पेला भरताना माझा हात हलका होई, आणि टाक्याची पातळी किती उतरली हे बघायची मला आठवण राहात नसे.

बेट तर हवेत तरंगत होते. फिलूरामावशीने लग्नाची गोधडी शिवायला घेतली. मी नको म्हटले की ती म्हणे, "तुझ्यासाठी कोण शिवतंय? मला हौस आली म्हणून शिवतेय," आणि पुन्हा विचारी, "तुला निळा आवडतो ना?"

त्याला एक दिवस कळणार, हे मला दिसत होते. कळल्यावर तो काय करील, एवढाच प्रश्न होता. पेचात मी होते, तो नव्हता. तो बिचारा पाणी पीत होता.

कळवले कॅप्टननी, तेही प्रेमाने. धक्क्यावर लायमनच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय जावईबापू, लग्न माझ्या गलबतावर लावायचं हं! डोशाला मी सांगितलंय, वऱ्हाडाच्या बुधल्या माझ्याकडून." लायमनला उलगडा होईपर्यंत कॅप्टननी सगळी रीत समजावून सांगितली होती. नंतर कॅप्टन मला म्हणाले, "पोराचा चेहरा खेकड्यासारखा लाल झाला. मला वाटलं, लाजला."

त्या रविवारी फाटक वाजले आणि मी ओसरीवर आले. लायमनच्या खांद्यावर बुधली होती. बुधली कसली, चांगला मोठा बुधला. त्याच्या वजनाने माणूस एका बाजूला कलला होता.

मावशी आणि कॅप्टन बसलेलेच होते. मावशीने मांडीवरची गोधडी हळूच उलटी केली.

"मिस लार्कम," तो म्हणाला, "मला कोणी सांगितलं नव्हतं. मी अडाण्यासारखा येत राहिलो आणि तुमच्या नावाचा गावभर बोभाटा केला. माफ करा."

मी म्हटले, "माफी कशाची? तहान लागली, प्यायलात."

"प्यायलो त्यातलं थोडं तरी परत आणलंय. कुठे ओतू?"

त्याने एक शब्द वेगळा बोलायला हवा होता. कोणताही. मीही बोलू शकले असते, पण दोघे जण कान टवकारून बसलेले, आणि माझा स्वभाव तुम्ही ऐकलाच आहे.

"टाक्यात," मी म्हटले. "झाकण उजवीकडे सरकतं."

त्याने ओतले. पाणी खोल जाऊन पडल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला. टोपी घालून तो निघाला, तेव्हा मी म्हटले, "वेदरबी, आता तुमच्याकडे काही देणं राहिलं नाही. पुन्हा यायची तसदी घेऊ नका." असले बोलायला माझी जीभ कधी अडखळत नाही. तो मान लववून गेला. फाटक त्याने हळू लावले, आपटले असते तर बरे वाटले असते.

मी आत जाऊन रडले. मग तोंडसुद्धा धुतले, भरपूर पाण्याने.

बेटावर "बुधली परत आली" म्हणजे मोडले. आता कुंपणाशी उभे राहणारे लोक मला पाहून बोलणे बदलू लागले. कोणी पपई आणून दे, कोणी कासवाची अंडी. कीव करणाऱ्यांचे खाणे गोड लागत नाही. मी पपया डुकरांना घातल्या.

मंगळवारी फिलूरामावशी आली. बुधली पायाशी ठेवली, आणि ख्यालीखुशाली न विचारता बसून राहिली. ती गप्प बसली की समजावे, काहीतरी फार मोठे पोटात आहे.

"बोला आता," मी म्हटले.

"हिरम जाळं टाकायला उत्तर टोकाला गेला होता. त्या पोराची दोन्ही पिंपं ठणठणीत कोरडी आहेत."

"मग?"

"मग काय? तळाशी होतं नव्हतं ते बुधल्यात भरून तुझ्या टाक्यात ओतून गेला ना तो! आता वाळूत खड्डा खणून मचूळ पाणी पितोय."

असे खड्डे पूर्वी क्यूबाचे कोळी खणत. त्यांना ते कॅसिम्बा म्हणत, त्यावरूनच आमच्या बेटाचे नाव पडले. ते पाणी प्यायले की तहान भागत नाही, वाढते.

"हिरमकाकांनी दिलं नाही त्याला पाणी?"

"दिलं तर! आपली भरलेली बुधली पुढे केली. घेतली नाही. म्हणाला, ह्या बेटाचं पाणी मी पुरेसं प्यायलो. गुरुवारच्या बोटीनं जातोय म्हणे तो. जमीन सोडून." मावशीने नाक ओढले. "माझी गोधडी निम्म्यावर आलीय, डोशे. निम्म्या गोधडीचं मी काय करू?"

"तुम्हाला गोधडीचं पडलंय!"

"तुला कशाचं पडलंय ते तर सांग."

मी उठले. तिला घालवून दिले आणि घरातली सगळ्यात मोठी बुधली टाक्यावर नेली.

ती काठोकाठ भरून, बूच ठोकून मी निघाले. भर दुपार होती. किनाऱ्याने जाणारी वाट सगळ्यांच्या दारांवरून जाते, त्यामुळे सगळ्यांनी मला पाहिले. बुधली जड होती आणि मी मनातल्या मनात वाक्ये जुळवत होते. "शेजारधर्म म्हणून आणलंय." "तहानलेल्याला नाही म्हणायचं नसतं." वाक्ये चांगली होती. कोणीही कोणालाही म्हणावीत अशी.

मावशीच्या कुंपणापाशी आले आणि पाय थांबले. ही बुधली नेली की तो घेईल किंवा घेणार नाही. घेतली तर म्हणेल, उपकार झाले. मग गुरुवारी बोट येईल. मी एक भली शेजारीण ठरेन, हातात बुधली घेऊन आलेली, आणि हातात बुधली असलेल्या माणसाचा आमच्याकडे काय अर्थ होतो हे आता त्याला चांगले ठाऊक होते. माणूस तहानेने व्याकूळ, माझ्या हातात पाणी, आणि तेच पाणी घेऊन गेले तर मला जे सांगायचे ते सांगता येणार नव्हते.

मी बुधली कुंपणाच्या खांबाशी ठेवली.

मावशी धावत बाहेर आली. "ठेवतेस काय? तो तहानलाय ना!"

"राहू दे इथे."

"अगं, मग रिकाम्या हातानं जाऊन काय करणार..." आणि तिचे तोंड तसेच उघडे राहिले. इतक्या वर्षांत मावशीला अर्ध्या वाक्यावर थांबलेली मी पाहिली नव्हती. समोरच्या ओसरीवर कॅप्टन उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. मयत की लग्न, हे त्यांनाही त्या वेळी सांगता आले नसते.

पुढची वाट मी हात हलवत गेले. सवय नव्हती. हातांचे काय करावे तेच कळेना. ज्या बाईने जन्मात कोणाकडे पाणी मागितले नाही, ती आता ज्याच्याकडे पाणीच नाही त्याच्या दारात मागायला निघाली होती. शहाण्यासुरत्या माणसाने मला वाटेत अडवायला हवे होते. पण आमच्या बेटावर तसा कोणी नाही.

लायमन झोपडीपुढे खोक्यावर बसून कलमाचे चाकू फडक्यात गुंडाळत होता. ओठ फुटले होते. मला पाहून उठला. आधी माझ्या हातांकडे पाहिले. मग माझ्या मागे, वाटेवर. मी बुधली कुठे खाली ठेवली आहे का, ते तो शोधत होता.

झाडणी दिसली नाही, तेव्हा मी हातानेच डास झटकले.

"ऊन फार आहे," मी म्हटले. "जरा पाणी मिळेल?"

"तुमची बुधली?"

"आणली नाही."

"विसरलात?"

"मी विसरेन? मी इथे वाढलेय, लायमन."

त्याने हातातले फडके खोक्यावर ठेवले. मग म्हणाला, "माझ्याकडचं पाणी चांगलं नाहीये. खड्ड्यातलं आहे. तेही तळाशी आलंय."

"कसं आहे ते विचारलं का मी?"

तो आत गेला. पत्र्याचा पेला आणला, बादलीतून भरला आणि दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे केला.

पाणी मचूळ होते. गरम होते. दाताखाली वाळू आली. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, तोंड पुसले आणि पेला त्याच्यापुढे धरला.

"अजून एक मिळेल?"

लायमनने चाकूंची पेटी पायाने बाजूला सारली आणि माझ्यासाठी बादली कलती केली.